संसारातील दांपत्यकाळ : जिंतूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

कुटुंबसंस्थेवर आपल्याकडे जे लेखन झाले आहे त्यात विवाहाचे प्रकार, गोत्राचे व कुळीचे निर्बंध, वारसा, वाटणी, हुंडा, पुनर्विवाह या विषयांची चर्चा विपुल आढळते. परंतु विवाह झाल्यावर पती-पत्नी एकमेकांच्या वाट्याला दिवसातून किती येतात, आणि येतात ते कोणत्या वेळी व कोणत्या निमित्ताने, हा प्रश्न अभ्यासकांनी बहुधा कादंबरीकारांकडे सोपविलेला दिसतो. याचे कारण उघड आहे. वाटणीचा कागद असतो, देण्याघेण्याची यादी असते. दोघांनी एकमेकांशी बोलण्यात घालविलेल्या अर्ध्या घटकेची नोंद कोणी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात त्या अर्ध्या घटकेला सोयीसाठी 'दांपत्यकाळ' असे नाव देऊन, परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवून, ती कोठून येते व कोठे जाते याचा विचार करावयाचा आहे.

दांपत्यकाळ म्हणजे एका छपराखाली असणे नव्हे. एका छपराखाली सासू, सून, नणंद आणि आलागेला पाहुणाही असतो. ज्या वेळात दोघांचे लक्ष एकमेकांकडे असते, बोलणे तिसऱ्याच्या कानासाठी बेतलेले नसते, आणि हातात काम असले तरी ते बोलण्याच्या आड येत नाही, तो हा काळ होय. तो लाभावयाचा तर दोघेही एकाच वेळी मोकळे असावे लागतात, त्यांना काही आडोसा असावा लागतो, आणि त्या आडोशाला घराची मूक संमती असावी लागते. संसारात जोडीदारासाठी वेळ कसा काढावा हे सांगणारे बहुतेक लेखक केवळ मोकळ्या वेळाचा विचार करतात. जणू वेळ ही पती-पत्नींच्या मालकीची वस्तू असून ती कोठे खर्चावी एवढेच त्यांनी ठरवावयाचे आहे. जिंतूरसारख्या गावी परिस्थिती तशी नाही. तेथे वेळ घराच्या मालकीचा असतो आणि दोघांना तो घराकडून मिळवावा लागतो. मोकळ्या वेळाचा दुष्काळ आहेच; पण आडोसा व संमती यांचा दुष्काळ त्याहून जुना आहे.

जिंतूरचीच निवड का, याचे थोडे स्पष्टीकरण हवे. हे धड खेडे नाही आणि धड शहर नाही. निझामाच्या राजवटीतील हा मुलूख सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. गावाजवळ नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत. तालुक्यातील चारठाणा प्राचीन मंदिरांसाठी अभ्यासकांस परिचित आहे. जिंतुरास रेल्वे नाही. परभणी चाळीसेक किलोमीटरवर, तेथपर्यंत एस.टी., जीप किंवा स्वतःची मोटारसायकल. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही मुख्य पिके. गावातील पुष्कळ नोकरदार व व्यापारी कुटुंबांची शेती आसपासच्या खेड्यात असते, म्हणजे एकाच कुटुंबाला दोन ठिकाणची घड्याळे सांभाळावी लागतात: कचेरीचे अथवा शाळेचे एक, आणि पिकाचे दुसरे. अशा घरात दांपत्यकाळाचे काय होते हे पाहिले म्हणजे महाराष्ट्रातील शेकडो तालुक्यांच्या गावांचा अंदाज येतो.

एक घर कल्पू. ते कोणा एकाचे नाही, पण जिंतूरकरांस परके वाटणार नाही. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बायको एका खाजगी शाळेत. सासूसासरे, दोन मुले आणि परीक्षेच्या तयारीसाठी राहावयास आलेला पुतण्या. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या पहाटे येते त्या पहाटे सारे घर उठते. साडेसहाला डबे, आठला मुले, नऊला मोटारसायकल. सायंकाळी ती परतते तेव्हा पीठ मळावयाचे असते. तो परततो तो शेतावरून फेरी मारून किंवा चौकातल्या हॉटेलात चार मित्रांशी बोलून. जेवणात पुरुषांची व मुलांची पंगत आधी, बायकांची मागून. भांडी, झाकपाक, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणे. ती खोलीत येते तेव्हा तो झोपलेला असतो, किंवा हातात फोन धरून जागा असतो. आणि यांत कोणते अधिक वाईट यावर स्त्रियांमध्ये मतभेद आहेत. या दिवसात दोघांचा झगडा नाही, दुस्वास नाही. फक्त त्याच्या मोकळ्या तासाला तिचे काम असते व तिच्या मोकळ्या घटकेला त्याची झोप.

या विसंगतीला आकड्यांचा आधार आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात देशव्यापी 'कालविनियोग सर्वेक्षण' केले. त्यापूर्वी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. २०१९ च्या सर्वेक्षणात १,३८,७९९ कुटुंबे होती; त्यांतील सहा वर्षांवरील व्यक्तींचे पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडून नोंदविले गेले. घरकामात दिवसभरात काही ना काही भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे भाग घेतात त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे चारांपैकी तीन पुरुष त्या दिवशी घरकामाला हात लावीत नाहीत, आणि जो लावतो तोही बाईच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वेळ देतो. पोरांबाळांची व आजाऱ्यांची शुश्रूषा यात धरलेली नाही. ती वेगळ्या सदरात आहे.

या आकड्यांचा अर्थ सामान्यतः स्त्रीच्या श्रमाचे मोल या दृष्टीने लावला जातो व तो योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट निघते. जेव्हा दोघांपैकी एकाचे काम दिवसभर विखुरलेले असते व दुसऱ्याचे ठरावीक तासांत संपते, तेव्हा दोघांच्या फुरसतीची बेरीज कितीही मोठी असली तरी त्यांचा सामाईक भाग लहानच राहतो. पुरुषाने 'मी रोज सातनंतर मोकळाच असतो' असे म्हटले तर ते खरे असते. आणि स्त्रीने 'आम्हांला बोलावयास वेळच नाही' म्हटले तर तेही खरे असते. सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात नऊ मोठे विभाग आहेत. समाजात मिसळणे, गप्पागोष्टी व धार्मिक आचार मिळून त्यांपैकी एक. जोडीदाराच्या सोबतीत गेलेला वेळ असा विभाग त्यांत नाही. म्हणून हा सामाईक भाग प्रत्यक्ष किती, हे त्या विभागांवरून काढता येत नाही.

आता जुन्या घराकडे वळू. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता व सामाईक देवपूजा या खुणा सांगितल्या. या खुणांत पती-पत्नी ही जोडी कोठेच नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घराचा कणा बापलेकांचा व भावाभावांचा. सून ही घरात आलेली, तिचे घराशी नाते आधी व नवऱ्याशी मागून. मराठवाड्यातील पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांदेखत पती-पत्नींनी एकमेकांशी थेट बोलू नये असा दंडक होता. सासरे व भासरे, म्हणजे थोरले दीर, यांच्यासमोर पदर खाली ओढावयाचा. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, ते फक्त उखाण्यातून. काही सांगावयाचे तर मुलाला मध्ये घालून: 'बाबांना विचार, जेवायला वाढू का?' बाबा दोन हातांवर बसलेले असत व उत्तरही मुलाकरवीच येई. समोरासमोर बसून एकमेकांशी बोलण्यासाठी तिसऱ्या माणसाची गरज लागावी, हा विनोद नव्हे. ती एक काटेकोर व्यवस्था होती. नवीन जोडप्याची ओढ भावाभावांत दुही पाजते, चुली वेगळ्या करते, अशी घराला धास्ती असे. आणि घराच्या दृष्टीने पाहिले तर ती सर्वस्वी खोटीही नव्हती.

तथापि या व्यवस्थेने दांपत्यकाळ नष्ट केला असे मात्र नाही. तिने त्याला उघड नाव न देता निमित्ते दिली. दुपारी नवऱ्याची भाकरी घेऊन शेतावर जाणे, हे त्यांतले सर्वांत साधे. भाकरी पोचवावयास घटकाभर पुरते. पण बाईला परतावयास तिसरा प्रहर झाला तर 'चार पाट्या गवत काढलं' एवढे उत्तर पुरेसे असे. पीक राखावयास माळ्यावरची जागल, खळ्यावरची रात्र, उन्हाळ्यात माळवदावर टाकलेली अंथरुणे. बैलगाडीतून बाजाराला किंवा औंढ्याच्या नागनाथाला जाण्याची वाट. पंचमीला माहेरी गेलेल्या बायकोला आणावयास नवऱ्याने जाणे व परतीचा रस्ता. लग्नानंतर कुलदैवताला जाणे हे तर धर्मकृत्य. सुमारे पावणेतीन वर्षांनी येणाऱ्या अधिक मासात, ज्याला लोक धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला व लेकीला मिळून बोलावून वाण देण्याची रीत आजही मराठवाड्यात जोरात आहे. २०२३ च्या अधिक श्रावणात एस.टी.च्या गर्दीवरूनही ते कळत होते. यांपैकी प्रत्येक प्रसंगात दोघे एकत्र आहेत ते कामासाठी किंवा देवासाठी. एकमेकांसाठी आहेत असे म्हणण्याची पाळी कोणावर येत नाही. घराची संमती मिळविण्याची ही जुनी युक्ती होती. 'आम्ही दोघे जरा बसतो' असे सुनेने म्हणणे अशक्य होते. 'मी वैरण आणते' असे म्हणणे शक्य होते.

यावरून जुने दिवस गोड होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ही निमित्ते ज्यांच्या नशिबी सरळ संसार होता त्यांच्यासाठी. मूलबाळ नसलेली, टाकलेली, सवतीवर दिलेली बाई खळ्यावर एकटीच वैरण उचलीत असे. आणि भूमिहीन मजुरांच्या घरी भाकरी पोचविण्याचा प्रश्नच नव्हता. दोघेही दुसऱ्याच्या बांधावर, बहुधा वेगवेगळ्या बांधांवर.

महाराष्ट्राच्या वाङ्मयात या आडोशाचे सर्वांत स्पष्ट चित्र मराठवाड्याबाहेरचे आहे, परंतु ते येथे घेतल्यावाचून विषय पुरा होणार नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याच्या भरल्या घरात आलेल्या मुलीची हकीकत आहे. पती वयाने वीस वर्षांनी मोठे, न्यायखात्यात अधिकारी, दिवसभर काम व भेटीला येणारी माणसे; घरात वडील स्त्रियांचा वचक. शिकविणे व शिकणे हे दोघांनी रात्री, वरच्या खोलीत केले, आणि त्याचे मोल रमाबाईंनी दिवसा माजघरात टोमण्यांच्या रूपाने दिले. अभ्यास हेच त्या दांपत्याचे निमित्त होते. पण हे निमित्त घराने मान्य केलेले नव्हते. वैरण आणणे घराच्या उपयोगाचे, सुनेने वाचणे घराच्या उपयोगाचे नव्हे. आडोसा मिळाला, संमती मिळाली नाही, आणि त्या दोहोंमधली ओढाताण एकट्या स्त्रीच्या अंगावर आली. पुढे रानड्यांची नाशिकला बदली झाली व पुण्याच्या घरापासून दूर बिऱ्हाड मांडले गेले, तेव्हा आठवणींचा सूरच बदलतो. इंग्रज सरकारच्या बदलीच्या हुकमांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय दांपत्यजीवनाला किती आकार दिला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे; कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो घ्यावा.

बिऱ्हाड वेगळे झाले म्हणजे दांपत्यकाळ वाढतो, हे तत्त्व मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एलिझाबेथ बॉट या संशोधिकेने लंडनमधील वीस कुटुंबांचा अभ्यास करून १९५७ मध्ये 'फॅमिली अँड सोशल नेटवर्क' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे प्रतिपादन असे की ज्या पती-पत्नींचे आप्तमित्र एकमेकांनाही ओळखतात, म्हणजे संबंधांचे जाळे दाट असते, तेथे नवऱ्याचे जग व बायकोचे जग वेगळे राहते. ते जाळे विरळ झाले, गाव सुटले, की दोघे एकमेकांवर येऊन पडतात. पुढील अभ्यासांनी हे सूत्र सर्वत्र जसेच्या तसे उचलून धरले नाही. तरीही जिंतूरच्या संध्याकाळी चौकात व गल्लीत जो फिरला आहे त्याला त्यातला मर्म पटेल. पुरुषाला त्याचे बालमित्र आहेत, स्त्रीला तिची आळी आहे. सोबतीसाठी जोडीदाराकडे वळण्याची निकड दोघांनाही नसते. हेच जोडपे पुण्यास चाकणच्या बाजूला दोन खोल्यांत राहू लागले की पहिल्या सहा महिन्यांत लग्नानंतरच्या दहा वर्षांपेक्षा अधिक बोलते. कधी कधी अधिक भांडतेही. पण भांडण हाही दांपत्यकाळच आहे.

याउलट आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या जिंतूरसारख्याच लहान शहराचा जो अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला त्याचा धडा वेगळा आहे. राहण्यापुरते विभक्त असलेले घर मालमत्तेने, कर्तव्याने व देण्याघेण्याने एकत्रच असू शकते. जिंतुरास खोली करून राहणाऱ्या शिक्षकाचा रविवार खेड्यावरच्या शेतात जातो, दिवाळीची सुटी धाकट्या भावाच्या सोयाबीनच्या हिशेबात जाते, आणि उन्हाळा लग्नसराईत. चूल दोघांची आहे. कॅलेंडर मात्र भाऊबंदांचे आहे. आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे: एकत्र घर नुसते वेळ हिरावून घेत नाही, ते देतेही. नातू आजीच्या कुशीत झोपतो, ही एकत्र कुटुंबाने तरुण जोडप्याला दिलेली सर्वांत मोठी देणगी होती व आहे. विभक्त घरात मूल दोघांच्या मध्ये झोपते, आणि ते झोपेपर्यंत आईही झोपून गेलेली असते.

वास्तूचा विचार येथेच उरकून घेऊ. ओसरी, माजघर व परसू असलेल्या जुन्या माळवदी घरात दार लावता येईल अशी खोली बहुधा एकच, आणि ती आळीपाळीने वापरावयाची. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह पंचवीस चौरस मीटर ठेवले आहे. आईवडील, दोन मुले व एक म्हातारी यांचा संसार त्यात मांडून पाहिला म्हणजे आडोसा या शब्दाचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाही.

शेतकऱ्याच्या रात्रीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण याकडे कुटुंबाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आलटून पालटून मिळत आली आहे. काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला किंवा कापसाला पाणी द्यावयाचे असेल तर नवरा अकरा-बाराला दारे धरावयास निघतो व पहाटे चिखलाने माखलेला परततो. साप-विंचवाची भीती वेगळीच. बायको त्या रात्री दाराला कडी न लावता निजते, आणि उजाडता कापूस वेचावयास किंवा कामाला निघते. अशा जोडप्याला कोणी 'रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे एकमेकांशी बोला' असा सल्ला दिला तर ते तो ऐकून घेतील व हसतील. जिंतूर तालुक्यातच पूर्णेवर येलदरीचे धरण आहे व त्याच्या पायथ्याशी वीजघर आहे; ती वीज शेताच्या बांधावर मात्र पाळीनेच येते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्य शासनाने सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा विस्तार केला. योजनेच्या हेतूंत सिंचन आहे, अनुदानाचा भार आहे. दांपत्यजीवनाचा उल्लेख अर्थातच नाही. पण ज्या शिवारात ती पोचली तेथे नवऱ्याच्या रात्री घरी परत आल्या, आणि हा परिणाम कोणा अभ्यासकाने मोजावा इतका मोठा आहे.

नोकरदारांच्या बाबतीत शासनाने ही गोष्ट उघडपणे मान्य केली आहे. पती-पत्नींना शक्यतो एका ठिकाणी नेमावे, अशा सूचना केंद्र शासनाने १९८६ मध्ये काढल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांविषयी २७ फेब्रुवारी २०१७ व पुढे ७ एप्रिल २०२१ रोजी जे निर्णय झाले त्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक संवर्गच आहे. दोघांच्या शाळांतील अंतर तीस किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर त्या संवर्गातून बदली मागता येते. तीस किलोमीटर! दांपत्यकाळाचे शासनमान्य मोजमाप एवढेच, आणि ते अंतराचे आहे. अंतर कमी झाले की काम संपले. न्यायालयाची धाव याच्याही अलीकडे थांबते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाने सहजीवनाच्या पुनःस्थापनेचा हुकूम मिळू शकतो. हा हक्क इंग्रजी अमलापासूनचा असून रखमाबाईंच्या १८८४ ते १८८८ या काळातील खटल्याने त्यावर रण माजले होते. कायदा माणसाला घरात आणू शकतो. घरात आलेल्याने काय बोलावे हे त्याच्या कक्षेबाहेर आहे.

निव्वळ एकत्र असण्याचे अपुरेपण पाहावयाचे असेल तर ऊसतोड मजुरांकडे पाहावे. मुख्यतः बीड जिल्ह्यातून, व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतूनही, दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी कारखान्यांच्या मुलखात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाची उचल एकट्याला नव्हे, जोडप्याला. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. तो तोडतो, ती मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत दोघे एकमेकांपासून पाच-दहा हातांवर असतात. महाराष्ट्रात पती-पत्नी इतका वेळ एकत्र असणारा दुसरा धंदा क्वचितच असेल. तरीही त्यात दांपत्यकाळ जवळजवळ नाही. खोपीत पोचल्यावर पाणी, चूल व लेकरे तिच्याकडेच असतात, आणि रात्री-अपरात्री गाडी भरावयास हाक आली तर दोघांनाही उठावे लागते. जुन्या घरात काम हे एकत्र येण्याचे निमित्त होते, कारण त्या कामाचा वेग त्यांच्या हातात होता. येथे वेग मुकादमाच्या हातात आहे. दोघांच्या सोबतीची किंमत धंद्याने पुरती वसूल करून घेतली आहे.

मग जिंतूरच्या त्या कल्पिलेल्या घराने काय करावे? जुनी निमित्ते बरीचशी गेली आहेत. मळणीयंत्राने खळ्याची रात्र अर्ध्या तासावर आणली. भाकरीचा डबा नवरा सकाळीच मोटारसायकलला अडकवून नेतो. त्यांच्या जागी नवी निमित्तेही उगवली आहेत, आणि ती शोधण्यात स्त्रियांचे चातुर्य अधिक आहे. परभणीचा दवाखाना हे त्यांतले प्रमुख. तपासणीला जाताना नवरा सोबत हवाच, तेव्हा जाता-येता ऐंशी किलोमीटर मोटारसायकलवर दोघेच. बोलणे वाऱ्यात अर्धे उडून गेले तरी चालते. मुलांच्या शाळेतील पालकसभा, बँकेतील सही, पिठाच्या गिरणीतून दळण आणणे, ही सगळी आजची 'वैरण' आहे. फोनने मात्र दुहेरी काम केले आहे. नवरा पुण्यास व बायको गावी अशा जोडप्यांना त्याने पूर्वी पत्राने न मिळणारी जवळीक दिली; एकाच खोलीतल्या जोडप्यांची ती बरीच काढूनही घेतली.

परंतु निमित्ते शोधण्याने मोकळ्या घटकांचा मेळ बसत नाही. त्याला २९९ आणि ९७ हे आकडेच हलवावे लागतात. ज्या घरी रात्रीची भांडी दोघे मिळून घासतात तेथे दोन गोष्टी एकदम घडतात: तिचे काम अर्ध्या वेळात संपते, आणि तो अर्धा वेळसुद्धा बोलण्यात जातो. घरकामाची विभागणी ही न्यायाची बाब आहे असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. ती सोबतीचीही बाब आहे. येथे अडसर कामाचा नसून लाजेचा आहे. आईदेखत बायकोबरोबर भांडी घासणाऱ्या मुलाला आळी नाव ठेवते, आणि हे नाव बहुधा सुनेच्या माथी येते. म्हणून या बाबतीत सासूचा एक शब्द शासनाच्या दहा परिपत्रकांपेक्षा मोलाचा ठरतो. तिने 'पोरांना माझ्याकडे निजू दे, तुम्ही जा' एवढे म्हटले की आडोसा आणि संमती दोन्ही एकदम मिळतात. ती हे सहज का म्हणत नाही, याचे उत्तर तिच्या स्वतःच्या संसारात आहे. तिला कोणी म्हटलेले नसते.

आणि येथे या विषयाचा सर्वांत उपेक्षित भाग येतो. वाटण्या झाल्यावर म्हाताऱ्या आईबापांचीही वाटणी होते: आई धाकट्याकडे, कारण तेथे लहान मूल आहे व तिचे हात अजून चालतात, वडील थोरल्याकडे, कारण शेताची राखण तिकडे आहे. पाळी असेल तर दोघांची पाळीही वेगवेगळ्या घरी. मुले वाईट नसतात, जेवणखाण होते, औषध मिळते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय उपचार यांचा समावेश केला. पती-पत्नींना एकत्र ठेवावे असे त्यात नाही. चाळीस-पन्नास वर्षे एका घरात राहून ज्यांना मुलाच्या आडून बोलावे लागले, आणि आता लाज धरावी असा कोणी वडीलधारा उरला नाही, त्यांच्यामध्ये दोन गल्ल्यांचे अंतर पडते. कौटुंबिक पाहणीच्या प्रश्नावलीत आपण वृद्धांना आजार, उत्पन्न व निवृत्तिवेतन विचारतो. पुढील पाहणीत त्यात एक रकाना वाढवावा: जोडीदार हयात असल्यास कोणत्या मुलाकडे राहतो, आणि गेल्या आठ दिवसांत भेट कितीदा झाली. उत्तर मिळविण्यास फार हिंडावे लागणार नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास काठी टेकीत धाकट्याच्या घराकडे निघालेला म्हातारा जिंतूरच्या कोणत्याही आळीत भेटतो. विचारले तर तो नातवाला पाहावयास चाललो असे सांगतो.